रेघेच्या वरची फळी

समुपदेशक म्हणून मला या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे. आनंदी राहावे, चांगले विचार करावेत, आपण आहोत तसे जगावे हे सगळे पटते. मात्र करायला गेले की जमत नाही, आणि जमले नाही म्हणून मन आणखी खट्टू होते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे आणि पत्रे थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : ताई, सांगलीत आमचे हळदीचे दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावरची सगळी पोती पाण्यात गेली आणि त्या वेळचे कर्ज आम्ही अजून फेडत आहोत. गेल्या वर्षी एका शिबिरात आम्हाला रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी आनंदी आहे, माझ्या आयुष्यात सर्व काही उत्तम चालले आहे’ असे २१ वेळा म्हणायला सांगितले. मी आठ महिने नेमाने म्हणते आहे, पण म्हणताना घशात काहीतरी अडकल्यासारखे होते आणि दिवसभर उदास वाटते. पावसाळा लागला की मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग सारखा मोबाईलवर पाहत बसते. यजमान आणि जाऊबाई म्हणतात, मी असे नकारात्मक विचार करते म्हणूनच घराला बरकत नाही. माझे कोठे चुकते आहे? (वय ४३, सांगली)

उत्तर : ताई, प्रथम बरकतीचे बोलू, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत जड ओझे तेच आहे. कृष्णेला पूर येतो तो पाणलोट क्षेत्रात कोसळलेल्या पावसामुळे, धरणांतून सोडाव्या लागणाऱ्या पाण्यामुळे आणि खाली उतरणाऱ्या पाण्याला वाट अपुरी पडते म्हणून. एखाद्या बाईच्या मनात सकाळी कोणता विचार आला यावरून नदीचे पाणी एका बोटानेही वाढत नाही. तुमची पोती भिजली त्यात तुमच्या विचारांचा काडीचाही दोष नव्हता. घरातील माणसे हे वाईट हेतूने म्हणत असतील असे मला वाटत नाही. तीही घाबरलेली आहेत आणि भीतीला कोणीतरी कारण म्हणून सापडले की माणसाला तात्पुरते हलके वाटते. परंतु ते कारण तुम्ही व्हावे, हे मला मान्य नाही आणि तुम्हीही ते मान्य करू नये.

आता आरशासमोरच्या वाक्याविषयी. घशात अडकते ते तुमचे स्वतःचे खरेपण आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला सांगितले होते. ज्यांना स्वतःविषयी मुळातच बरे वाटत होते त्यांना त्या वाक्याने थोडाफार लाभ झाला; मात्र ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, म्हणजे ज्यांच्यासाठी असली वाक्ये तयार केली जातात, त्यांना वाक्य म्हटल्यानंतर अधिकच वाईट वाटले. याचे कारण समजण्यासारखे आहे. मनाला न पटणारी गोष्ट आपण त्याच्यावर लादू लागलो की मन गप्प बसत नाही, ते उलट पुरावे काढते. तुम्ही ‘सर्व काही उत्तम आहे’ म्हणता आणि त्याच क्षणी बँकेचा हप्ता, भिजलेल्या हळदीचा वास आणि त्या रात्रीची धावपळ डोळ्यांसमोर येते. दिवसातून २१ वेळा तुम्ही स्वतःशीच वाद घालता आणि २१ वेळा हरता. मग उदास वाटेल नाहीतर काय होईल? हे वाक्य म्हणणे उद्यापासून बंद करा. त्यामुळे काहीही अशुभ घडणार नाही.

मग सकारात्मक विचार म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. त्यांचे म्हणणे असे की घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा आपला समज उभा असतो, आणि तपासायचा असतो तो हा समज. तुमच्या बाबतीत ‘यंदा पुन्हा पूर येऊ शकतो’ हा समज पूर्णपणे खरा आहे, त्याला नकारात्मक म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या पाठोपाठ तुमच्या मनात जे दुसरे वाक्य येत असावे, ‘आला तर आपण संपलोच’, ते मात्र खरे नाही. त्यातला तो शेवटचा ‘च’ पाहा. आपल्या भाषेत एका अक्षराने शक्यतेची खात्री होते आणि इच्छेची सक्ती होते. ‘धंदा चांगला चालावा’ या साध्या इच्छेचे ‘धंदा चाललाच पाहिजे’ झाले की झोप उडते. २०१९ मध्ये पाणी आले, २०२१ मध्ये पुन्हा आले, आणि तरीही आज तुमचे दुकान उघडे आहे. तुम्ही संपला नाहीत, ही ऐकायला गोड वाटावी म्हणून सांगितलेली गोष्ट नाही, ती घडलेली गोष्ट आहे.

माझे माहेर सांगलीचेच, नदीपासून फार दूर नसलेल्या भागातले. २००५ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिंती धुतल्या गेल्या, पण वडिलांनी मधल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर, जिथवर पाणी चढले होते तिथे, सुताराच्या पेन्सिलीने एक रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली. आईला ती रेघ नको होती. ‘रोज कशाला डोळ्यांपुढे,’ असे ती म्हणे. वडिलांनी रेघ पुसली नाही. त्यांनी सुताराला बोलावून रेघेच्या वर दोन हात उंचीवर सागाची एक लांब फळी ठोकून घेतली आणि घराची कागदपत्रे, आजीची पोथी, आमच्या गुणपत्रिका सगळे त्या फळीवर ठेवले. नंतर कित्येक वर्षांनी, समुपदेशनाचे काम करू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की चांगला विचार म्हणजे काय हे मी त्या चौकटीपाशीच पाहिले होते. रेघ पुसून ‘पाणी आलेच नव्हते’ म्हणणे हाही एक मार्ग होता, आणि रेघेकडे पाहून रडत बसणे हाही एक होता. वडिलांनी दोन्ही टाळले; रेघ राहू दिली आणि तिच्या वर फळी ठोकली.

तुमच्या पातळी पाहण्याकडे मी याच दृष्टीने पाहते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे ज्या गावात लहान मुलांनाही ठाऊक आहे त्या गावातील व्यापाऱ्याच्या घरातील बाईने आकडे पाहणे हे शहाणपण आहे. मात्र ‘सारखा मोबाईलवर पाहत बसते’ या तुमच्या शब्दांत शहाणपणाची जागा काळजीने घेतलेली दिसते. चांगल्याची नुसती कल्पना आणि अडचणीची तयारी यांतल्या फरकाचा अभ्यास जर्मनीत आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी फार बारकाईने केला आहे. त्यांना असे आढळले की केवळ चांगल्या शेवटाची चित्रे मनात रंगवणारी माणसे प्रत्यक्षात कमी प्रयत्न करतात, कारण मनाने ते सुख आधीच उपभोगलेले असते. आणि आपली इच्छा, तिच्या आड येणारी अडचण व ती अडचण आली तर नेमके काय करायचे हे सलग विचारात घेणाऱ्यांच्या हातून काम होते. म्हणून एका रविवारी यजमानांसह बसून कागदावर लिहा, की पातळी अमुक फुटांवर गेली तर पोती वरच्या मजल्यावर न्यायची, त्यासाठी कोणत्या हमालांना फोन करायचा, टेम्पो कोणाचा, वह्या आणि बिले कोठे ठेवायची, विम्याची कागदपत्रे कोणाकडे द्यायची. हे एकदा लिहून झाले की पावसाळ्यात सकाळी एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा आकडा पाहा. मधल्या वेळी हात मोबाईलकडे गेला तर स्वतःला एवढेच विचारा, की कागदावरचे कोणते काम आत्ता करायची वेळ आली आहे? आली नसेल तर मोबाईल खाली ठेवा.

सकाळी आरशासमोर उभे राहण्याची सवय लागलीच असेल तर ती मोडू नका, फक्त वाक्य बदला. ‘गेली काही वर्षे अवघड गेली, कर्ज फिटत आले नसले तरी फिटते आहे, आज मी दुकानात वेळेवर जाईन’ असे काहीही चालेल, अट एकच की म्हणताना घसा मोकळा राहिला पाहिजे. आणि एखाद्या सकाळी त्या भिजलेल्या पोत्यांसाठी डोळे भरून आले तर येऊ द्या. वर्षभराची कमाई पाण्यात गेल्याचे दुःख करायला तुम्हाला बहुधा कोणी सवडच दिली नाही.

प्रश्न : मॅडम, आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. गावात जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी फौजेत गेलेले आहे; माझे आजोबा, वडील आणि थोरले चुलते तिघेही फौजी. मी २० वर्षांचा आहे, रोज पहाटे भरतीचा सराव करतो आणि धावण्यात चांगला आहे. पण माझे मन तिथे लागत नाही. जवळच्या गावातील उसाच्या एका रोपवाटिकेत मी दोन वर्षे सुट्टीत काम केले, तिथे दिवस कधी मावळतो ते कळत नाही. मित्र म्हणतात, ‘तू तुझ्यासारखा जग, घरच्यांकडे लक्ष देऊ नकोस.’ पण घरच्यांना दुखवून मी सुखी कसा होईन?

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून तुला ‘तू’ म्हणते. तुझ्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मित्रांना वाटते की तुझे खरे रूप म्हणजे फक्त रोपवाटिकेत रमणारा मुलगा, आणि घरच्यांना दुखवू न इच्छिणारा मुलगा हा भित्रेपणाचा भाग आहे, तो गळून पडला की तू मोकळा होशील. मला तसे वाटत नाही. हे दोन्ही तूच आहेस. स्वतःसारखे जगायचे म्हणजे स्वतःतला अर्धा भाग कापून टाकायचा नसतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके या प्रश्नावर काम केले आहे. माणसाचे मन सुदृढ राहण्यास तीन गोष्टी लागतात असे ते मानतात : आपण करतो ते आपल्या मनाने करतो आहोत ही भावना, आपल्याला काहीतरी चांगले जमते ही भावना, आणि आपली माणसे आपल्याजवळ आहेत ही भावना. यातील पहिलीचा अर्थ आपल्याकडे अनेकदा ‘कोणाचेही न ऐकणे’ असा घेतला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. वडिलांचा शब्द विचारपूर्वक पटला म्हणून फौजेत जाणारा मुलगाही स्वतःच्या मनानेच जगत असतो. आणि केवळ वडिलांना दाखवून देण्यासाठी रोपवाटिका काढणारा मुलगा वडिलांच्याच ताब्यात असतो, फक्त उलट्या दिशेने. त्यामुळे तुला ठरवायचे आहे ते ‘घर की मी’ असे नाही. तुझी संमती कशाला आहे, एवढेच शोधायचे आहे.

त्यासाठी आधी एक गोष्ट स्वतःशी तपासून घे, आणि प्रामाणिकपणे तपास. फौज नकोशी वाटते ती त्या कामात मन नाही म्हणून, की भरतीत नापास झालो तर गावात तोंड कसे दाखवायचे या भीतीने? तू धावण्यात चांगला आहेस असे लिहिले आहेस, म्हणून मला पहिले कारण अधिक संभवनीय वाटते. पण लेखी परीक्षा आहे, वैद्यकीय तपासणी आहे, आणि तुझ्या मनात काय आहे ते तुलाच माहीत. भीतीमुळे सोडलेली गोष्ट पुढे सलत राहते. मन नसल्यामुळे सोडलेली गोष्ट तशी सलत नाही.

मन खरोखरच रोपांत असेल तर वडिलांशी बोलण्यापूर्वी तयारी कर. फौजी माणसाला भावनेपेक्षा तयारी लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. ‘मला आवडते’ एवढ्यावर थांबू नकोस. उसाची एक डोळा पद्धतीची, म्हणजे कांडीवरचा एकेक डोळा लावून केलेली रोपे ट्रेमध्ये लावल्यापासून महिना-दीड महिन्यात विक्रीला येतात. शेडनेटला खर्च किती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोठून आणायचे, एका हंगामात किती ट्रे निघतील, किती रोपे मरतात, उधारी किती थकते, हे सगळे तू जिथे काम केलेस त्या मालकांना विचारून वहीत लिही. आपल्याच जिल्ह्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथे एकदा जाऊन ये, आणि जमले तर वडिलांना बरोबर ने. कृषी पदविकेचा अभ्यासक्रमही पाहा, कारण शिक्षण चालू आहे म्हटल्यावर घरातील मोठ्यांचा जीव थोडा खाली येतो.

आणि बोलताना फौजेला कमी लेखू नकोस. आधी वडिलांना विचार, ‘तुम्हाला तिथले काय आवडायचे?’ मुले हे विचारत नाहीत. कदाचित ते शिस्तीविषयी बोलतील, कदाचित सोबत्यांविषयी, कदाचित पगाराच्या खात्रीविषयी. त्यांच्या आग्रहाच्या आड यातले नेमके काय आहे हे तुला कळले, तर त्या गोष्टीला उत्तर देता येईल. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एक गोष्ट फार नेमकेपणाने मांडली होती, की लहानपणी आपल्याला ज्या अटींवर कौतुक मिळते त्या अटी आपण पुढे स्वतःवरच लादून घेतो आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर आपली किंमतच नाही असे समजू लागतो. तुझ्या घरात फौजेची वर्दी ही अशी अट झाली असेल. पण ती तुझ्या वडिलांनी मुद्दाम घातली नसेल, त्यांनाही ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली असेल. पहिल्या दिवशी ते हो म्हणतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. काही आठवडे अबोला राहील, ताटावर बसून कोणी बोलणार नाही. त्या दिवसांत आपण चुकलो असे तुला अनेकदा वाटेल. घरात नाराजी असताना मनाला बरे वाटत नाही, याचा अर्थ निर्णय चुकीचा असतो असा नाही. तू घरातील माणसांवर माया करतोस, एवढाच त्याचा अर्थ आहे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे, वय ६८, इस्लामपूर. रोज सकाळी मोबाईलवर आनंदी राहण्याचे पाच-पंचवीस संदेश येतात. त्यांतल्या एकात रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात असे होते. मी महिनाभर लिहिले, आता कंटाळा आला. यात तथ्य आहे काय?

उत्तर : गुरुजी, तथ्य आहे. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, आणि त्यांपैकी अनेकांना त्याचा लाभ पुढे काही महिने टिकल्याचे दिसले. पण संदेश पुढे ढकलताना त्यातील महत्त्वाचा अर्धा भाग बहुधा गळून पडतो : प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचे असते. ‘चहा चांगला झाला’ असे महिनाभर लिहिले तर कोणालाही कंटाळा येईल. ‘माझा जुना विद्यार्थी बसस्थानकावर भेटला आणि पिशवी उचलून घरापर्यंत आला, कारण सातवीत मी त्याची फी भरली होती हे तो विसरला नव्हता’ असे लिहिले की त्यात माणूस येतो. रोज लिहिण्याची सक्तीही नको; कृतज्ञतेच्या नोंदींविषयीच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झालेला आढळला होता. तुम्ही रविवारी लिहा. आणि जमल्यास वहीतल्या एखाद्या नोंदीतल्या माणसाला त्याच दिवशी फोन करून ती वाचून दाखवा. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात उतारवयातील सुखाशी आणि आरोग्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट म्हणून जवळच्या माणसांशी असलेले संबंधच पुढे आले आहेत.

प्रश्न : ताई, नाव लिहीत नाही. दोन महिने झाले, कशातच रस वाटत नाही. जेवण मातीसारखे लागते, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. मुलीशी बोलतानाही रडू येते. सकारात्मक विचारांची पुस्तके वाचते, ती वाचून आणखी अपराधी वाटते. मी अजून किती प्रयत्न करू?

उत्तर : बाई, या दिशेने आता प्रयत्न करू नका. तुम्ही जे लिहिले आहे ते नैराश्याच्या आजाराची लक्षणे वाटतात. अशी अवस्था बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे राहिली तरी डॉक्टर तिची तपासणी करतात. तुमचे तर दोन महिने झाले आहेत. ताप उतरावा म्हणून कोणी चांगले विचार करत बसत नाही, आणि नाही उतरला तर स्वतःला दोषही देत नाही. या आजारातही तेच आहे, इथे विचार करणारे मनच आजारी असते, त्याच्याकडून ते काम मागणे अन्यायाचे आहे. या आजारावर औषधे आहेत, बोलण्यातून होणारे उपचार आहेत, आणि त्यांनी बहुसंख्य लोकांना बरे वाटते. तुम्ही सांगलीच्या आसपास असाल तर तिथल्या सिव्हिल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला संकोच वाटत असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पहाटेच्या झोपेविषयी आणि जेवणाविषयी सांगा, ते पुढची वाट दाखवतील. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तसा विचार नुसता मनात येऊन जात असेल, तरी या क्रमांकावर आजच बोला आणि घरातील एका माणसाला आजच सांगा. उद्यावर टाकू नका.

ती पुस्तके कपाटात ठेवून द्या. मुलीशी बोलताना रडू आले तर तिला सांगा, ‘मला बरे नाही, मी डॉक्टरांकडे जाणार आहे.’ तिला आई हसरी दिसण्यापेक्षा हे खरे ऐकणे सोपे जाईल. पुढच्या पत्रातही नाव लिहिले नाही तरी चालेल. ‘जाऊन आले’ एवढे दोन शब्द मात्र मला कळवा, मी वाट पाहीन.